नवघरच्या उंबरातली केंबरं

अन्याय झाला तो केंबरांवर. दोन हजार सहा साली, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी नळाचं पाणी जायच्या आत. ठिकाण: नवघर, भाईंदर पूर्व, आमच्या सोसायटीचं मागचं आवार. केंबरं म्हणजे उंबराच्या फळात असतात ते चिलटाएवढे किडे, फळ फोडलं की भुर्रकन उडतात ते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. त्या सकाळी मीसुद्धा त्यांच्या बाजूने नव्हते. मी झाडासाठी भांडत होते, आणि आपण जिंकलो असं समजून पेढे वाटत होते.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. आमचा एक गट होता. टँकरचं पाणी, फुटपाथ, बंद पडलेले दिवे, जे दिसेल त्यावर आम्ही पत्रकं काढायचो. पत्रक कसं लिहायचं ते मला घोटून शिकवलेलं होतं. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि कधी झाला ते, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते. मधे राग. मी अजूनही तसंच लिहिते, ते तुम्हाला वर दिसलंच. फक्त या प्रकरणात मधला राग सरळ एका दिशेला जात नाही. कितीदा लिहून पाहिलं, दर वेळी तो वळून भलत्याच माणसाकडे जातो.

उंबर आमच्या बिल्डिंगच्या आधीपासूनचं. तळमजल्यावरच्या काकींच्या घरची ती जमीन. पूर्वी तिथे भातशेती होती, पलीकडे खाडीकडे मिठागरं. आम्ही मुंबईतून आलेली नोकरदार मंडळी, आम्हाला हे सगळं ऐकूनच माहीत. जमीन बिल्डरला देताना काकींनी एकच अट घातली होती, तीही तोंडी: उंबर आणि त्याखालच्या दत्ताच्या पादुका हलवायच्या नाहीत. बिल्डरने ती पाळली. कागदावरच्या अटी त्याने किती पाळल्या ते आमच्या गच्चीच्या गळतीला विचारा, पण दत्ताचं उंबर तोडायला तो कोर्टापेक्षा जास्त घाबरला.

त्यामुळे झालं असं की जिन्याकडे जायची वाट आणि स्कूटर लावायची जागा, दोन्ही उंबराखाली आली. उंबर वर्षातून अनेकदा फळतं. फळं खोडालाच घोसांनी लागतात, पिकली की बदाबदा पडतात, आणि पायाखाली त्यांचा लगदा होतो. संध्याकाळी वटवाघळं येऊन अर्धं खाऊन अर्धं टाकतात. लोक वैतागलेले होतेच. पण अर्ज दिला तो पहिल्या मजल्यावरच्या अंकलनी. गुजराती, कापडाचा छोटा व्यापार, आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. नोटीस बोर्डावर आलं की अमुक सभासदांच्या अर्जावरून मागचं झाड काढण्याचा विषय पुढच्या मीटिंगला घेतला जाईल.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा: "उंबराचा खुनी कोण?" खाली अंकलचं नाव नव्हतं, पण "पहिल्या मजल्यावरचे एक प्रतिष्ठित सभासद" असं होतं, आणि पहिल्या मजल्यावर प्रतिष्ठित म्हणावं असं दुसरं कोणी नव्हतं. झेरॉक्स काढून प्रत्येक दाराखालून आत सरकवलं. अंकलच्याही. आई म्हणाली, "उंबर फोडून केंबरं उडवायची सवयच आहे तुला." म्हणजे झाकलेलं गप्प राहू द्यायचं नाही, उघडं करून गोंधळ घालायचा. मी म्हटलं, मग त्यालाच तर काम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी अंकलनी मला वर बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेले. त्यांनी पाणी दिलं, माझं पत्रक टीपॉयवर नीट घडी करून ठेवलेलं होतं.

"बेटा, तू मला खुनी लिहिलं," ते म्हणाले. "पण मी तर खून बंद करायला सांगतो ना."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. ते जैन, त्यांच्या धर्मात उंबर खात नाहीत. वड, पिंपळ, उंबर अशी पाच झाडांची फळं वर्ज्य, कारण त्यांच्यात जीव असतात. आणि आमच्या आवारात ती फळं रोज वाटेवर पडणार, रोज सगळे त्यावरून चालणार, स्कूटरी जाणार. सकाळी देरासरला, म्हणजे त्यांच्या देवळात, जाताना ते स्वतः भिंतीला चिकटून, एकेक पाऊल बघून टाकत. मी त्यांना तसं जाताना किती वेळा पाहिलं होतं, आणि गुडघे दुखत असतील असं समजले होते.

"झाड नाही तर फळ नाही. फळ नाही तर कोणी मरत नाही. सिंपल."

मी म्हटलं, पण झाड मरतं त्याचं काय? ते म्हणाले, तेही पाप आहेच, पण एकदाच.

बिल्डरला काय बोलायचं ते मला पाठ होतं. ठेकेदाराला, नगरसेवकाला, अगदी सेक्रेटरीलासुद्धा. दयेपोटी झाड तोडू पाहणाऱ्या माणसाला काय बोलायचं ते कुठल्याही पत्रकात नव्हतं. मी पाणी पिऊन खाली आले. गोंधळ तिथून सुरू झाला, तो अजून संपलेला नाही.

माझी मोठी बहीण ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मी तिला विचारलं, या फळात खरोखर असतं तरी कोण? तिने खालून फळं आणली, काही हिरवी, काही लाल होऊ घातलेली, आणि जेवणाच्या टेबलावर सुरीने उभी कापली. आईने ती सुरी पुढे कधी स्वयंपाकाला वापरली नाही.

ताई म्हणाली, हे फळ नाहीच, ही आतून फुलांनी भरलेली पिशवी आहे. फुलं बाहेर नाहीतच, म्हणून कोणाला दिसत नाहीत. टोकाला एक बारीक भोक, खवल्यांनी बंद केल्यासारखं. त्यातून आत शिरू शकते ती एकच जात, केंबराची मादी. गांधीलमाशीच्या कुळातली, पण मोहरीहूनही लहान. उंबराची केंबरं वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. हिचं डोकं त्या भोकात शिरेल असंच घडलेलं, आणि भोक हिच्या डोक्याला जागा देईल असंच.

"म्हणजे कोणी कोणासाठी बनवलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. कोट्यवधी वर्षं एकमेकांना घासून घासून दोघं असे झालेत. हा जरा बदलला की तिला बदलावं लागतं, ती बदलली की ह्याला."

मग तिने पुढचं सांगितलं. आत शिरताना मादीचे पंख तुटतात आणि भोकापाशीच राहतात. बाहेर यायचा प्रश्नच उरत नाही. ती आपल्याबरोबर आणलेले परागकण फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. सगळ्या फुलांत अंडी घालणं तिला जमत नाही. काही फुलांची नळी तिच्या अंडी घालायच्या सुईपेक्षा लांब असते, तिथे उंबराच्या बिया धरतात. जिथे अंडं पडतं तिथे बी नाही, पिल्लू वाढतं. नर आधी फुलांतून बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. नव्या माद्या परागकण घेऊन त्या बोगद्यातून उडतात. आयुष्य एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात दुसरं उंबर गाठायचं.

मी ऐकता ऐकताच चिडले. सरळ शोषण आहे, मी म्हटलं. राहायला जागा देतो म्हणून बोलवायचं, आत घेतल्यावर पंख मोडायचे, काम करवून घ्यायचं आणि आतच मारायचं. आणि नरांचं तर काय, बोगदा खणायला ठेवलेले बिनपंखी मजूर.

ताई हसली. "काढ पत्रक. पण आधी सांग, मालक कोण? तिची पिल्लं ह्याच्या बिया खाऊन मोठी होतात. बघायला गेलं तर तीच ह्याला लुटते."

"मग ती लुटते."

"आणि ती आली नाही तर ह्याला एकही बी धरत नाही. आता?"

माझ्या डोक्यात दोनच खण होते, लुटणारा आणि लुटला गेलेला. केंबरू कुठल्या खणात ठेवायचं ते ठरेना. उंबरही ठरेना.

मीटिंगच्या वेळी अंकल गावाकडे यात्रेला गेले होते. मी पत्रकातलं सगळं तावातावाने वाचून दाखवलं. काकी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना बोला म्हटलं तर एवढंच म्हणाल्या, "झार तोरलं तं पादुका कुठं न्हेऊ? माज्या घरात न्हेऊ, तं देव झाराखाली बसला व्हता तो काय येरा हाय?" येरा म्हणजे वेडा. लोक हसले, पण काकी हसल्या नव्हत्या. त्या पादुकांपुढे रोज दिवा लावायला काकी त्या घरात राहिल्या होत्या. मुलगा विरारला मोठ्या फ्लॅटमध्ये बोलवत होता, त्या जात नव्हत्या. झाड गेलं असतं तर त्यांना तिथे राहायचं कारण उरलं नसतं.

सेक्रेटरीने तोडगा काढला. झाड राहील. अर्जात तक्रार किड्यांची आहे, तर किडे मारू. फळं धरली की दर रविवारी औषधाची फवारणी. "म्हणजे त्यांच्या अर्जाचाही मान राहील आणि हिच्या पत्रकाचाही." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. आमच्या गटाने कित्येक महिन्यांत जिंकलेली ती पहिली गोष्ट होती.

तर तो रविवार. पाठीवर पंप लावलेला माणूस आला, त्याने खोडापासून फांद्यांपर्यंत झाड धुऊन काढलं. काकी नाकाला पदर लावून पायरीवर बसल्या होत्या आणि समाधानाने बघत होत्या. मी पेढे वाटत होते. ताई खाली आली, वर बघत राहिली, पेढा घेतला नाही. म्हणाली, "आता फळ धरतंय का बघ." मी म्हटलं, झाड उभं आहे ना? तू सगळ्यात खोट काढतेस.

अंकल परत आले त्या दिवशी वाटेवर केंबरं नव्हती. औषधाचा वास होता. त्यांनी वॉचमनला विचारलं, मग मला जिन्यात गाठलं.

"मेरे नाम पे?" ते म्हणाले. "मेरी अर्जी पे मारा?"

मी सांगायला लागले की झाड वाचलं, तडजोड झाली, सगळे खूश आहेत. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांच्या घरून नंतर कळलं की त्यांनी त्या दिवशी काही खाल्लं नाही. मी आणखीच गोंधळले. माझा विरोधक हरला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे फवारणी चालू राहिली. जुनी फळं पडून गेली. नवी आली, घोसच्या घोस, पण ती मोठी होईनात. हिरवी, टणक, गोटीएवढी झाली आणि तशीच गळायला लागली. वाट स्वच्छ. वटवाघळं यायची बंद झाली. सेक्रेटरी जिन्यात भेटला की म्हणायचा, बघा, सोपं होतं की नाही?

मार्गशीर्षात दत्तजयंती आली. काकींच्या घरची एक रीत आहे, त्यांच्या सासूपासूनची. त्या दिवशी झाडावरचं एक उंबर पादुकांपुढे हाताने फोडायचं आणि फुंकर घालून केंबरं उडवून द्यायची. मग नैवेद्य. का ते मी विचारलं होतं. काकी म्हणाल्या, आधी त्यांचं, मंग देवाचं, मंग आपलं. एवढंच. त्या दिवशी आम्ही चार-पाच जण जमलो होतो, अंकल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. काकींनी घोसातलं त्यातल्या त्यात मोठं फळ तोडलं. ते हाताने फुटेना. शेवटी दगडावर ठेवून ठेचलं. आत कोरडा, तपकिरी भुसा. त्यांनी फुंकर घातली. काही उडालं नाही.

दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. मग त्या फळाचं अर्धुक हातात धरून आमच्याकडे वळल्या.

"यात कोनी न्हाय," त्या म्हणाल्या.

काकींनी नैवेद्याचं ताट उचललं आणि न दाखवता घरात नेऊन ठेवलं, नुसता दिवा लावला. अंकल पायरी उतरून आले. जन्मात ज्यांनी उंबराला हात लावला नव्हता त्यांनी ते अर्धुक उचललं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि खिशातल्या रुमालात ठेवलं. का ते मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी काकी, अंकल आणि मी, आम्ही तिघं सेक्रेटरीकडे गेलो. तो चक्रावला. त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदाच त्याची दया आली, कारण त्याचं चक्रावणं बरोबर होतं. झाड तोडा म्हणणारे आणि झाड वाचवा म्हणणारे एकत्र येऊन सांगत होते की किडे परत आणा.

"शेट, तुम्हीच तर अर्ज दिला होता!"

"मारने का नहीं दिया था," अंकल म्हणाले.

"मग फळं पायाखाली येतील त्याचं?"

त्याचं उत्तर अंकलकडे तयार होतं. खाली कापड बांधायचं, फळं त्यात पडतील, रोज सकाळी ते स्वतः कापड उतरवून फळं पादुकांमागच्या मातीत नेऊन ठेवतील. कापड आमच्या गटाने दिलं. आमचे जुने बॅनर. त्यामुळे पुढे कित्येक महिने आमच्या आवारात उंबराखाली "पाणी आमच्या हक्काचं" असं उलटं टांगलेलं होतं आणि पाहुणे विचारायचे, हे कोणासाठी लिहिलंय?

फवारणी थांबली. मला वाटलं संपलं. ताई म्हणाली, आत्ता सुरू झालंय. एका उंबराची सगळी फळं साधारण एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. ह्याची नवी फळं केंबरांची वाट बघतील तेव्हा ह्याच्याकडे उडायला केंबरं नसतीलच, ती दुसऱ्या झाडावरून यायला हवीत. त्याच दिवसांत, जिथे फळं पिकायला आली असतील अशा. वाऱ्यावर तरंगत येतील तेवढ्या अंतरावरच्या.

"कुठलं दुसरं झाड?"

"ते मला काय माहीत. शोध."

मी शोधायला निघाले. मला वाटलं होतं उंबरं जिथे तिथे असतील. जवळच्या मोरवा गावात एकाने सांगितलेल्या जागी गेले तर तिथे बुंधा होता, त्यावर कोणीतरी चहाचा ठेला मांडलेला. बसने समुद्राकडच्या डोंगरी गावात गेले. तिथे एका विहिरीपाशी मोठं उंबर मिळालं, पण त्यावर फळच नव्हतं. विहिरीवर कपडे धूत असलेल्या बाईने विचारलं, काय बघता? मी म्हटलं, फळ आहे का बघतेय. तिने मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाली, बाजारात अंजीर मिलतंत की.

परतीच्या बसमध्ये मी पत्रक लिहायला घेतलं. "उंबर वाचवा" एवढं लिहिलं आणि थांबले. कुठलं? आमचं वाचलेलंच होतं, आणि आतून रिकामं होतं. डोंगरीचं वाचवायचं तर डोंगरीच्या लोकांना काय सांगायचं, की तुमचं झाड ठेवा म्हणजे नवघरला फळ धरेल? आणि मधली सगळी, जी मला दिसलीच नाहीत? जे वाचवायचं ते कुठल्याच झाडात नव्हतं. ते झाडांच्या मधे होतं, हवेत, एक-दोन दिवस. त्याच्यासमोर घोषणा देत उभं राहायचं म्हटलं तरी कुठे उभं राहणार?

होळीनंतर आमच्या उंबराला पुन्हा घोस आले. हिरवे, लहान. मी रोज बघायचे, काकी रोज बघायच्या. काकींच्या मुलाचे फोन वाढले होते. झाड ठेवलं तरी त्यात काही येत नसेल, तर आपण इथे कोणासाठी बसलोय, असं त्या एकदा आईला म्हणाल्या होत्या.

एका दुपारी अंकलनी खालून मला हाक मारली. ते कापड नीट बांधायला स्टुलावर चढले होते, चष्मा कपाळावर. त्यांनी एका घोसाकडे बोट केलं. मला काही दिसेना. त्यांनी खिशातून दागिने बघायचं भिंग काढून दिलं. कापडवाल्याकडे ते कशाला होतं, तेही मी विचारलं नाही.

फळाच्या टोकाला, त्या खवल्यांच्या भोकाशी, एक पंख चिकटला होता. काचेसारखा. शेजारच्या फळावर आणखी एक.

"मर गया?" अंकलनी विचारलं.

"अजून नाही. आत गेली. आत मरेल."

"झाडाने मारलं?"

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, खरोखर. त्यांना हे धर्माने ठरवायचं होतं आणि मला पत्रकाने, आणि त्या पंखावर आम्हा दोघांचंही काही चालेना. तेवढ्यात काकी बाहेर आल्या. आम्ही दोघं वर का बघतोय ते त्यांनी ओळखलं.

"आली नं?" त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन मुलाला फोन लावला. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. पण विरारला त्या गेल्या नाहीत.

ती कुठून आली, ते मला आजही माहीत नाही. डोंगरीच्या झाडाला तेव्हा फळ होतं का, ते बघायला मी गेले नाही. कदाचित कोणाच्या तरी कुंपणातून, कुठल्या तरी पुलाच्या भेगेतून, एखाद्या सोसायटीच्या मागच्या अशा झाडावरून, ज्याच्याबद्दल तिथल्या कमिटीत तक्रारी चालू असतील.

तुमच्या सोसायटीच्या मागे असेल ते. म्हणून हे लिहिलं. उद्या सकाळी खाली उतरा, आपल्या उंबराला औषध मारतात का विचारा, आणि मारत असतील तर ते बंद करून या.